परदेशचा संसार : पाण्याच्या बाटल्या

जऊळक्यास आमच्या घरी सुटीत आलो की ओसरीवर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. जपानात भूकंप फार होतात ना? ते लोक कच्चे मासे खातात, मग तुम्ही जेवता काय? आजेसासूबाई होत्या तोवर सोवळ्याओवळ्याचा प्रश्न विचारण्याचा मान त्यांचा असे. या खेपेस वाचकभगिनींपुढे त्याच प्रश्नांची उत्तरे ठेवीत आहोत. पैकी एक उत्तर द्यावयास आम्हांस बरीच वर्षे लागली.

आम्ही उभयता टोकियोस गेलो ते २००९ च्या शरदात. लग्नास पुरते वर्षही झाले नव्हते. यजमानांची नोकरी संगणकाची, म्हणून बिऱ्हाड निशिकासाई या पूर्वेकडील वस्तीत केले. २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेले हिंदी तरुण तेथे राहू लागले, कारण तोझाई मार्गाची गाडी तेथून थेट ओतेमाचीच्या पेढ्यांपर्यंत जाते. तुरीची डाळ मिळते, मराठी बोलणारी घरे भेटतात. तेव्हा वनवास म्हणावा असे काही नव्हते.

आता जेवणाचे. ताटात दिसणारा मासा टाळता येतो. न दिसणाऱ्याचे काय करावे? जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ नावाचे पाणी. समुद्रातील कोंबू वनस्पती आणि कात्सुओ माशाच्या सुकवून किसलेल्या चकत्या उकळून ते करतात, आणि भाजीत, शेवयांत, सारात ते असतेच. एका खाणावळीतील शेवया आम्ही चार महिने शुद्ध शाकाहारी समजून मिटक्या मारीत खाल्ल्या. खरा प्रकार कळला त्या दिवशी यजमान हसले. आम्हांस मात्र रात्री जेवण गेले नाही. आजेसासूबाईंना हे कधीच सांगितले नाही.

त्याची भरपाई म्हणून की काय, २०१० च्या वसंतात आम्ही कोयासानास गेलो. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, मंत्रविद्या शिकून ८०६ साली परतला, आणि ८१६ साली हा डोंगर त्यास मठासाठी मिळाला. मठातच उतरावयाचे व मठाचेच जेवावयाचे. त्या रांधण्यात मांसमासळी तर नाहीच, कांदालसूणही नाही. आमच्याकडील चातुर्मासच म्हणा ना! दाशी तेथे केवळ कोंबूची व अळंब्यांची. पहाटे ओकुनोइनच्या स्मशानवाटेने निघालो. उंच सुरूच्या जातीच्या वृक्षांखाली शेवाळलेल्या पाच थरांच्या समाध्या, आणि त्यांवर कोरलेली अक्षरे सिद्धम् लिपीतील! वरून खाली ख, ह, र, व, अ : आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी. लिपी आपल्या नागरीची बहीण, तरी ती लगेच वाचता आली असे म्हणणे खोटे ठरेल. एका भिक्षूने बोट ठेवून दाखविली तेव्हा ओळख पटली. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामाच्या देवळात आपला गणपतीही आहे. मूर्ती कोणास दाखवीत नाहीत, आणि नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. ‘मोदक सोडून मुळा?’ असे म्हणून आजेसासूबाई कितीतरी वेळ हसत होत्या.

त्याच वर्षी ऑगस्टात आम्हांस कन्या झाली. ती सात महिन्यांची असताना, ११ मार्च २०११ रोजी, शुक्रवारी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी तो भूकंप झाला. मुलीस पोटाशी धरून आम्ही मेजाखाली बसलो. कपाटातील भांडी एकेक करून खाली येत होती. गाड्या बंद, दूरध्वनी लागेना. यजमान ओतेमाचीहून तीन तास चालत घरी आले. जऊळक्यास मामंजींनी दूरचित्रवाणीवर समुद्र गावात शिरताना पाहिला होता. रात्री बोलणे झाले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. आजेसासूबाईंनी मात्र एकच वाक्य म्हटले, आणि पुढे रोज तेच म्हणत राहिल्या : ‘पोरीला घेऊन निघून ये.’

फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्राच्या बातम्या येऊ लागल्या तशी शेजारची हिंदी घरे रिकामी होऊ लागली. यजमान म्हणत, कचेरीतील जपानी सोबती जागेवर आहेत, आपणच कसे पळावे? ते आम्हांस पटत होते. २३ तारखेस सरकारने जाहीर केले की कानामाचीच्या जलशुद्धीकरण केंद्रातील पाण्यात किरणोत्सर्गी आयोडीन किलोमागे २१० बेकरेल आढळले. तान्ह्यांसाठी मर्यादा १०० ची. एक वर्षाच्या आतील मुलांस नळाचे पाणी देऊ नये. आमचे नळ त्याच केंद्राचे, आणि मुलीचे दूध त्याच पाण्यात कालविलेले. दुकानांत बाटली उरली नव्हती. त्या रात्री आमचे प्रथमच कडाक्याचे भांडण झाले, आणि पहाटेपूर्वी तिकिटे काढली गेली.

दुसऱ्या दिवशी तान्ह्यामागे तीन बाटल्या पाणी वाटण्यात आले. संध्याकाळी शेजारच्या वृद्ध बाई दारात आल्या. भूकंपासाठी म्हणून त्या घरात पाण्याचा साठा ठेवीत. त्यातल्या दोन मोठ्या बाटल्या त्यांनी उंबऱ्याशी ठेवल्या व वाकून नमस्कार केला. आम्ही परवा जाणार हे त्यांस ठाऊक नव्हते. सांगताना मान वर होईना. त्यांनी मुलीच्या गालास हात लावला आणि ‘ते बरे,’ म्हणाल्या. पाणी परत नेले नाही. गंमत अशी की त्याच दिवशी आकडा ७९ वर उतरला होता व बंदी उठली होती. पण तिकिटे काढली होती. कुंडीतील तुळस आम्ही बाईंच्या स्वाधीन केली.

मुंबईहून अकोला, तेथून पूर्णेच्या गाडीने जऊळका. स्थानकावर सारे घर आले होते. एप्रिलचे ऊन, विहिरीने तळ गाठलेला. आठव्या दिवशी मुलीस जुलाब लागले. पाणी उकळूनच देत होतो, तरी लागले. वाशीमच्या दवाखान्यात तीन रात्री सलाईन चालू होते. टोकियोच्या पाण्यातील बेकरेल मोजणारे तरी होते; या पाण्यात काय होते ते कोणी मोजले नाही. यजमान तेथेच राहिले होते. त्यांनी दूरध्वनीवर एका शब्दाने बोलून दाखविले नाही. त्यांनी दाखविले असते तर बरे वाटले असते.

मुलगी सुधारली. जूनमध्ये आम्ही परत गेलो. आपण गेलो हे योग्य केले की नाही, यावर आमच्या घरी आजही एकमत नाही. यजमान भूकंपाचे गणित मांडतात, आम्ही त्या रात्रीचे. मुलगी आता जाणती झाली आहे, आणि दोघांचे ऐकून तिसरेच काही बोलते.

परतलो त्या दिवशी बाईंनी तुळस दारी आणून दिली. थंडीत ती खिडकीच्या आत ठेवली होती. मंजिऱ्या खुडाव्यात हे त्यांस कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्या सगळ्या वाळून तशाच होत्या, आणि खालच्या मातीत चार नवी रोपे उगवली होती. त्यांतले एक त्यांनी विचारून ठेवून घेतले.