दिल्ली आणि मुंबईच्या कात्रीत आमची दळी

साथींनो,

येत्या 25 सप्टेंबरला आपण चिरनेरला हुतात्म्यांना सलामी द्यायला जमणार. 1930 साली याच दिवशी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, गोळ्या चालल्या. आपला नाग्या कातकरी त्यातच हुतात्मा झाला. यंदा या दिवसानंतर पाचच दिवसांनी, 30 सप्टेंबर 2002 ला, दुसरी एक तारीख उभी आहे. जंगल जमिनीवरची अपात्र अतिक्रमणं या तारखेपर्यंत हटवा, असं केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने 3 मे रोजी सगळ्या राज्यांना कळवलंय.

आम्ही प्रांताकडे गेलो, तर म्हणतात, "हुकूम दिल्लीचा, आमच्या हातात काही नाही." दिल्ली म्हणते, पात्र कोण नि अपात्र कोण हे राज्याने ठरवायचं. मग आमच्या वाडीने जायचं कुठे?

ही गाठ समजून घेतली पाहिजे. घटनेने जंगल राज्यांकडे दिलं होतं. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे कायदा दोघांनी करायचा, पण वाद झाला तर साधारणपणे केंद्राचा शब्द वर. 1980 चा वनसंवर्धन कायदा आला आणि दिल्लीच्या मंजुरीशिवाय जंगल जमीन दुसऱ्या कामाला देणं बंद झालं. धरणाला, खाणीला ती मंजुरी मिळते. कातकऱ्याच्या नाचणीला मिळत नाही.

पण म्हणून मुंबईचं सरकार सुटत नाही. जमीन आजही राज्याचा विषय आहे. सातबारा राज्याचा, तलाठी राज्याचा, वनखात्याचा गार्डसुद्धा राज्याचाच. 31 मार्च 1978 पर्यंतची वहिवाट कायम करू, हा ठराव डिसेंबर 1978 मध्ये याच राज्याने केला. दाव्यांची तपासणी करा, असं सुप्रीम कोर्टाने 1991 साली सांगितलं. ती तपासणी नीट झालेली नसताना अपात्र ठरवलं कुणी?

रायगड पाचव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा कायदाही आम्हाला लागू नाही. म्हणजे अधिकार वर दोघांनी वाटून घेतले, खाली वाडीच्या वाट्याला फक्त नोटीस आली. अधिकार वाटता येतात, मग जबाबदारी का नाही?

आमचं मागणं साधं आहे. तपासणी पुरी होईपर्यंत एकाही दळीला हात लावू नका. पंचनामा वाडीच्या सभेसमोर करा, म्हाताऱ्यांची साक्ष धरा. पात्र ठरतील त्यांचे प्रस्ताव राज्याने दिल्लीला पाठवावेत आणि त्यांचा पाठपुरावाही करावा.

आपणही रिकाम्या हाताने यायचं नाही. वनखात्याने केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या पेटीत असतील, त्या शोधा. ज्या कागदाने आपल्याला चोर ठरवलं, तोच आपण तेव्हापासून कसतोय याचा पुरावा आहे. प्रत्येक वाडीने आपली यादी करून 25 ला चिरनेरला आणावी. तिथूनच पुढे प्रांत कचेरीवर जायचं ठरवू.

1930 साली समोर एक सरकार होतं. आज दोन आहेत. दोघांनाही जाब विचारू.

जंगल जमीन आमच्या हक्काची!