काळ्या दगडाचे वय

मल्हारगंजातील जुन्या वाड्यांच्या जोत्यांना जो काळा दगड लागला आहे, तो माळव्यात थरावर थर साचून थिजलेल्या लाव्हाचा. हा लाव्हा एका जुन्या खटल्यातील आरोपी आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी डायनासोर नाहीसे झाले. त्याचा दोष बहुतेक शास्त्रज्ञ मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीला देतात, काहींनी मात्र दख्खनच्या लाव्हाकडे बोट दाखविले आहे. आता आरोपी त्या वेळी घटनास्थळी होता की नव्हता, हे आधी पाहावयास नको का?

साक्षीदार मिळाला तो मोहरीहूनही बारीक. समुद्रात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. पुष्कळांचे कवच चुन्याचे असते व मृत्यूनंतर ते तळाच्या गाळात जाऊन बसते. तरंगणाऱ्या जाती प्रवाहांबरोबर दूरदूर पसरतात आणि भूशास्त्राच्या हिशेबाने अल्पकाळात एक जाऊन दुसरी येते. म्हणून थरात कोणत्या जाती एकत्र सापडल्या, यावरून त्याचा काळ ठरतो. तेलविहीर खणताना मोठे शिंपले चुरडले जातात, ही कवचे मात्र अखंड वर येतात. मऊ खडक भिजवून बारीक चाळणीवर धुवावा, गाळ वाळवावा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलावे. तांदूळ निवडणाऱ्या गृहिणीला या कामाची चिकाटी निराळी सांगावयास नको.

त्या महासंहारात तरंगणाऱ्या फोरामिनिफेरांच्याही बहुतेक जाती बुडाल्या. त्यानंतर प्रथम आल्या त्या अगदी चिमुकल्या, नव्या जाती. नेमक्या ह्याच जाती आपल्या मध्यप्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे, लाव्हाच्या दोन थरांमधील गाळात मिळाल्या. गेर्टा केलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली हे प्रसिद्ध केले. आंध्रातील राजमहेंद्रीच्या खाणींतूनही तशीच साक्ष आधी मिळाली होती. म्हणजे खालचा लाव्हा संहारानंतरच्या त्या पहिल्या गाळाहून जुना आणि वरचा त्याहून नवा. आरोपी घटनास्थळाच्या आसपास होता, एवढे तरी यावरून ठरले. गुन्हा त्याचाच, हे मात्र यावरून सिद्ध होत नाही, आणि वर्तमानपत्री मथळे हा भेद नेहमीच विसरतात.

पण छिंदवाड्यात समुद्र आला कोठून? गाळाचा बराच भाग गोड्या पाण्याचा व जमिनीवरचा आहे. समुद्री कवचे त्यातील एका पातळ थरात आहेत. पश्चिमेकडून खाडीसारखा एखादा फाटा आत शिरला असावा, असे संशोधकांना वाटते. आपल्याकडे हे नवलही नाही. बाघची लेणी पाहावयास जाणाऱ्यांनी त्या परिसरातील चुनखडीकडेही नजर टाकावी. ती या लाव्हाहून कितीतरी जुनी आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून आत आलेल्या त्या समुद्राचे शिंपले तिच्यात आहेत, आणि शार्क माशांचे दातही.