आधी हजेरी घ्या

संगणकाचा मदरबोर्ड बदलला आणि नेटवर्क बंद पडले, की कोणीतरी लगेच सांगतो, "सगळे पुसून पुन्हा इन्स्टॉल करा." मला हे पटत नाही. लिनक्सवर अनेकदा नेटवर्क कार्ड ठणठणीत असते. बदललेले असते ते फक्त त्याचे नाव.

फॉल-इनचेच उदाहरण घ्या. पूर्वी जे कार्ड आधी सापडे ते 'ईथ०'. रांगेत पहिला उभा तो एक नंबर. २०१३ मध्ये सिस्टमडीने जागेवरून नावे देणे सुरू केले. 'ईएनपी३एस०' म्हणजे बस क्रमांक ३, स्लॉट ०. डॉर्मिटरीतल्या पलंगाच्या नंबरासारखेच हे. मदरबोर्ड बदलला किंवा ग्राफिक्स कार्ड बसवले, की बसचा क्रमांक सरकू शकतो आणि 'ईएनपी४एस०' होते. सेटिंगची फाइल मात्र जुन्याच नावाने हाक मारते. ओ कोण देणार?

म्हणून आधी 'आयपी लिंक' ही आज्ञा देऊन हजेरी घ्या. दिसेल ते नाव फाइलमध्ये लिहा. नाव कायम हवे असेल, तर ते मॅक पत्त्याशी बांधा. तो कार्डाचा रोल नंबर, जागा बदलली तरी तोच राहतो. कार्डच नवे असेल तर पत्ताही नवा. त्याची रजिस्टरमध्ये नोंद करा.

एका ओळीच्या दुरुस्तीसाठी कॅडेट मित्रांचे वर्षभराचे प्रोजेक्ट पुसले जाणे हा इलाज नव्हे. हजेरी घेतल्याशिवाय आपण कोणालाही गैरहजर लिहीत नाही. यंत्रालाही तोच न्याय हवा.