भेटीपेक्षा मदत मोलाची

देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. उपचार तेव्हापासून खूप पुढे गेले. आजाऱ्याला घोळक्याने भेटायला जाण्याची आपली रीत मात्र तशीच आहे. अशा प्रत्यारोपणात दात्याच्या मूलपेशी मिळालेल्या रुग्णाला पहिले शंभर दिवस विशेष जपावे लागते, लहानपणीच्या लसीही पुढे पुन्हा घ्याव्या लागतात. पाहुण्याची साधी सर्दीही त्याला महागात पडू शकते.

भेटलो नाही तर तो एकटा पडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी रोजचा फोन आहे. औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या, ताप १००.४ अंशांवर जाताच मध्यरात्री रुग्णालय गाठणाऱ्या घरच्या माणसाचे काय? नातेवाइकांनी ताजा डबा दाराशी पोचवावा, तपासणीच्या खेपा वाटून घ्याव्यात, प्लेटलेट द्यायला रक्तपेढीत जावे. आपुलकी अशी कामी यावी.