बरोबरी म्हणजे संगनमत नव्हे


बुद्धिबळातला ‘ड्रॉ’ म्हणजे दोघांनी मिळून केलेली सुटका, असे म्हणणारे पत्र वाचले. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या नाशिकमध्ये राहून हे मुकाट्याने वाचवेना.

जुलै 2025मध्ये बाटुमीत महिला विश्वचषकाची अंतिम लढत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यात झाली. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. पण पहिल्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याला विजयाची संधी आली होती. ती हुकल्यावर एकोणीस वर्षांच्या मुलीपुढे हंपीने डाव तोलून धरला. यात संगनमत कुठले? टायब्रेकचा पहिला जलद डावही बरोबरीत गेला. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि ग्रँडमास्टर किताबही मिळवला.

पत्रलेखकांना निव्वळ निकालाचाच हिशेब हवा असेल, तर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी 2024ची टोरांटोतली कँडिडेट्स स्पर्धा पाहावी. भारताच्या गुकेशने 14 डावांत 9 गुण मिळवून ती जिंकली. त्यात 5 विजय, 1 पराभव आणि तब्बल 8 बरोबऱ्या होत्या. पहिली बरोबरी आपल्या विदितशीच!

झटपट संपवलेल्या, निरुत्साही बरोबऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. त्यांवर जरूर टीका करा, मात्र आधी डाव तरी पाहा.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक