सुखोईला तारीख हवी

हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन लागतात, हे सरकारनेच मान्य केलेले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला आणि उरल्या २९. राफेल ३६ आहेत. तेजसची नवी आवृत्ती ठरल्या वेळेच्या मागे आहे. अशा वेळी आकाशाचा मुख्य भार पेलणार ते सुखोई-३० एमकेआय. रशियाशी झालेल्या करारांतून आपण २७२ सुखोई घेतली आणि त्यांतली २२२ नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात तयार झाली. म्हणूनच या विमानांच्या अद्ययावतीकरणाला होणारा उशीर ही महाराष्ट्राने दुरून वाचायची बातमी नाही.

सुखोई-एमकेआय पुण्याच्या लोहगाव तळावर दाखल झाले ते सप्टेंबर २००२ मध्ये. सांगाडा दणकट आहे, पल्ला मोठा आहे. जुने झाले आहेत ते विमानाचे डोळे आणि मेंदू. त्यातले रशियन ‘बार्स’ रडार त्या काळी उत्तम होते. पण त्याची सारी ऊर्जा एकाच ठिकाणी तयार होऊन अँटेनाभर वाटली जाते. नव्या पद्धतीच्या रडारमध्ये लहान लहान घटक असतात आणि त्यांतला प्रत्येक स्वतः लहरी सोडतो व टिपतो. काही घटक निकामी झाले तरी रडार चालू राहते, एकाच वेळी अनेक लक्ष्ये धरते आणि शत्रूला ते गोंधळवणे अवघड जाते. पाकिस्तानकडच्या चिनी जे-१०सी विमानांत असे रडार आहे. आपल्या सुखोईसाठी ‘विरूपाक्ष’ हे देशी रडार तयार होते आहे. त्याच्या जोडीला नवा मिशन कॉम्प्युटर, नवे कॉकपिट, नवी इलेक्ट्रॉनिक युद्धसामग्री आणि ‘अस्त्र’ क्षेपणास्त्रे येणार आहेत.

यातला मिशन कॉम्प्युटर मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. रडारने पाहिलेले, वैमानिकाने ठरवलेले आणि क्षेपणास्त्राने करायचे, हे सारे तोच जुळवतो. त्याची संगणकप्रणाली आपली असेल, तर उद्याचे नवे देशी क्षेपणास्त्र जोडायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. परक्याची असेल, तर प्रत्येक बदलासाठी पैसे मोजा आणि वाट पाहा. या कामावरचा खर्च सार्थ ठरायचा तो इथे.

ओझरला हे जमेल का, असे विचारणाऱ्यांनी ब्रह्मोसची आठवण ठेवावी. अडीच टनांचे ते क्षेपणास्त्र पोटाखाली घेता यावे म्हणून सुखोईच्या सांगाड्यात बदल करावे लागले. ते काम ओझरला झाले. जून २०१६ मध्ये ब्रह्मोस घेऊन सुखोईने तिथूनच उड्डाण केले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ते क्षेपणास्त्र हवेतून यशस्वीपणे डागले गेले.

हात तयार आहेत. अडते ते निर्णयांच्या रांगेत. सुखोई देशातच अद्ययावत करण्याच्या प्रस्तावाला संरक्षण खरेदी परिषदेने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मान्यता दिली. पहिल्या टप्प्यात ८४ विमाने घ्यायची आहेत. पण या मान्यतेचा अर्थ एवढाच, की गरज आहे हे पटले. पुढे किमतीची बोलणी, मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मोहोर, करार, नमुना विमाने आणि चाचणी-उड्डाणे. एवढे झाल्यावर मग स्क्वाड्रनच्या हाती विमान.

ही वाट किती लांब असते, हे मिराजने दाखवले आहे. १९८५ मध्ये आलेल्या मिराज-२००० च्या अद्ययावतीकरणाचा करार व्हायला जुलै २०११ उजाडला. ५१ विमाने, सुमारे ११ हजार कोटी रुपये. हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक, साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. पहिली दोन अद्ययावत मिराज फ्रान्सने मार्च २०१५ मध्ये सुपूर्द केली, बाकीचे काम बेंगळुरूला. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथेच एक अद्ययावत मिराज चाचणी-उड्डाणात कोसळले आणि दोन तरुण वैमानिक गेले. त्याच महिन्यात मिराज बालाकोटवर गेली. घाई करा म्हणणाऱ्याने हे दोन्ही प्रसंग एकत्र लक्षात ठेवायला हवेत. कामाची तपासणी एका दिवसानेही आखडू नये. कमी करायचा आहे तो फाइल टेबलावर पडून राहण्याचा काळ.

सातारा आणि सांगलीचा ओझरच्या कारखान्यावर हक्क आहे. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्रेचे. ते गाव त्यांच्या जन्मावेळी सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. ते मुख्यमंत्री असताना जून १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली. १९६३ मध्ये नाशिककरांनी त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवले आणि ते संरक्षणमंत्री असतानाच ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. एचएएलचे मूळ असलेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये काढली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचेच नाव लावते. त्या महाविद्यालयातल्या मुलामुलींना रडारचे घटक, चाचणी-उपकरणे आणि संगणकप्रणालीचे काम मिळायला हवे. कुपवाड, मिरज, पलूस आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या यंत्रशाळांना सुट्या भागांच्या निविदांत उतरायचे, तर प्रमाणपत्रे आणि यंत्रे यांची तयारी कित्येक वर्षे आधी करावी लागते. वेळापत्रकच जाहीर नसेल, तर लहान कारखानदार कर्ज कशाच्या भरवशावर काढणार?

सातारा आणि सांगली या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी, पक्ष बाजूला ठेवून, लोकसभेत एकत्र प्रश्न विचारावा: पहिले अद्ययावत सुखोई ओझरहून कोणत्या वर्षी बाहेर पडणार, चौऱ्याऐंशीवे कोणत्या वर्षी, आणि उरलेल्या विमानांचे काय? उत्तर वर्षांच्या आकड्यांत मिळेपर्यंत हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात पुन्हा मांडावा.