दुरुस्तीला कोण येणार?

रस्त्यात मोटार बंद पडली तर ती कडेला लावता येते. समुद्राला अशी कड नसते. एवढी साधी गोष्ट हौसेने बोटी बांधून घेणारी शहाणी माणसे कशी विसरतात, याचे मला अलीकडे नवल वाटू लागले आहे.

निमित्त घडले ते एका जुन्या सहकाऱ्यामुळे. आम्ही दोघांनी उमेदीची वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. निवृत्तीनंतर तो अमेरिकेत, सिॲटलजवळ, लेकीपाशी राहायला गेला आणि आता तेथे पन्नास फुटी पोलादी ‘ट्रॉलर यॉट’ बांधून घेतो आहे. ट्रॉलर म्हटले की आपल्याला हर्णै बंदरातली मासळी आठवते. या बोटीवर मात्र जाळे नसते. मच्छीमार बोटीचा फक्त बांधा घेतलेला असतो. जड, खोल, संथ आणि थोड्या डिझेलवर दूर जाणारा. अमेरिकी नौदलातले कॅप्टन रॉबर्ट बीबी यांनी १९६३ मध्ये सिंगापूरला बांधून घेतलेली ‘पॅसेजमेकर’ ही या घराण्यातली आजीबाई.

मित्राचा बेत सॅन फ्रान्सिस्कोहून हवाईला जाण्याचा आहे. अंतर सुमारे २१०० सागरी मैल, वेग साडेसहा नॉट. म्हणजे साडेतेरा दिवस. माणसे दोनच, तो आणि वहिनी. त्याने यंत्रसामग्रीची यादी मत देण्यासाठी पाठवली, ती वाचून मला आमचे जहाजच आठवले. दोन जनरेटर, खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र, वातानुकूलन, आणि दिव्यापासून पंपापर्यंत सारे एका पडद्यावरून चालवणारा संगणक! फरक एवढाच की जहाजावर चीफ, सेकंड, थर्ड, फोर्थ असे इंजिनिअर होते, इलेक्ट्रिशियन होता, फिटर होता, सुट्या भागांचे कोठार होते. येथे साठी ओलांडलेला एक माणूस आणि हत्यारांची एक पेटी.

गोड्या पाण्याचे यंत्रच घ्या. समुद्राचे पाणी बारीक पडद्यातून ढकलायला दर चौरस इंचाला सुमारे ८०० पौंडांचा दाब लागतो. त्याला पंप हवा, पंपाला वीज, विजेला जनरेटर. शिवाय यंत्र नुसते पडून राहिले तरी पडदा खराब होतो. तो गोड्या पाण्याने धुवत राहावे लागते. दोन माणसांना रोज साठ लिटर पाणी धरले तर २००० लिटरची टाकी महिनाभर पुरते. प्रवास दोन आठवड्यांचा. मग हा जावई कशासाठी पोसायचा?

इंजिनाची गोष्ट अधिक गंभीर, कारण या बोटीला शीड नाही. जुन्या घडणीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचून चालत राहते. नव्या इंजिनात इंधन किती नि केव्हा सोडायचे हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. धूर कमी, आवाज कमी, हे खरे; पण वीज गेली की इंजिन गप्प. उत्सर्जनाचे नियम कडक झाल्याने जुन्या घडणीचे इंजिन नवे मिळणे आता अवघड आहे. तेव्हा नियंत्रकाला निदान स्वतःची वेगळी बॅटरी द्यावी, असे मी लिहिले.

आणि इंजिने बंद पडतात ती बहुतेक वेळा घाणेरड्या डिझेलमुळे. बंदरात महिनोन्महिने टाकीच्या तळाशी बसलेला गाळ पहिल्याच खवळलेल्या समुद्रात ढवळून निघतो आणि फिल्टर तुंबतो. नेमक्या वाईट वेळी! यावर उपाय म्हणजे दोन फिल्टर शेजारी शेजारी बसवायचे. एक तुंबला की झडप फिरवून दुसरा चालू करायचा, इंजिन न थांबवता. थंडाव्यासाठीही समुद्राचे पाणी आत घेऊ नये. इंजिनातले पाणी तळाला बाहेरून बसवलेल्या नळ्यांतून फिरवावे, म्हणजे एक भोक, एक पंप आणि पुष्कळसा गंज वाचतो. कामाच्या बोटींवर हे कित्येक वर्षे चालत आले आहे.

‘मग कंदीलच लावतो!’ मित्राचे चिडून उत्तर आले. माझा कंदिलाचा आग्रह नाही. रडार, जीपीएस, ऑटोपायलट असावेतच. दोन माणसे साडेतेरा दिवस सुकाणू धरून बसू शकत नाहीत. पण एक बिघडले म्हणून दुसरे बिघडता कामा नये. मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’वर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकटे, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. वाटेत पिण्याचे पाणी नासले, रेडिओ गेला, आपोआप सुकाणू धरणारे साधन मोडले. तरी बोट चालत राहिली, कारण यातले काहीच दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेले नव्हते. पडद्यावरच्या त्या संगणकाने नेमके तेच होते. मी सुचवले : साधी बटणे, साधे फ्यूज, प्रत्येक तारेवर क्रमांक.

माझ्या पत्राने जे झाले नाही ते वहिनींच्या एका प्रश्नाने झाले. यादी समोर ठेवून त्यांनी विचारले, ‘मधल्या समुद्रात तुम्हाला काही झालं, तर यातलं काय काय मला चालवता येईल?’ संगणक त्याच दिवशी गेला. पाठोपाठ पाण्याचे यंत्रही गेले. वातानुकूलन राहिले, बंद पडले तर खिडकी उघडू, असे त्या म्हणाल्या, आणि त्यावर मला बोलता आले नाही.

एक वाद मिटायचा आहे. बोट डुलू नये म्हणून मित्राला तेलाच्या दाबावर हलणारे पंख तळाला हवे आहेत. बीबींनी मच्छीमारांची युक्ती उचलली होती : दोन्ही अंगांना लांब काठ्या काढायच्या आणि त्यांवरून जड ‘मासे’ पाण्यात सोडायचे. यात बिघडण्यासारखे फारसे नाही. पण वारा सुटल्यावर ते लोंबकळते वजन आत घेणे साठीनंतर धोक्याचे आहे, हेही मला मान्य करावे लागते. पोलाद कापण्यापूर्वी हे ठरायला हवे. वहिनींनी यार्डाकडून एक मासा मागवून घेतला आहे. आधी मी उचलून बघते, म्हणाल्या.